थांबलेले शहर आणि थांबलेली लोकल

टाळेबंदीत हवा स्वच्छ झाली, हे वाक्य आता आपल्या बोलण्यात इतके रुळले आहे की त्याची फोड करण्याची गरज कुणाला वाटत नाही. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, दुसऱ्या दिवसापासून राज्यभर संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी. त्यानंतर पंधरवड्याच्या आत जालंधरहून दिसणाऱ्या धौलाधारच्या बर्फाच्छादित शिखरांची छायाचित्रे देशभर फिरली आणि माणूस घरात बसला की निसर्ग सावरतो, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे झालो. या निष्कर्षाला दोन फाटे फुटले. काही जण त्या दिवसांची हळहळत आठवण काढतात, तर काही जण म्हणतात की पोट भरायचे तर धूर सोसलाच पाहिजे, शहर चालू ठेवायचे तर हवा बिघडणारच. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी चूक एकच आहे. टाळेबंदीने शहरातल्या दोन गोष्टी एकाच वेळी थांबवल्या: माणसांची ये-जा आणि इंधनाचे जळणे. दोन्ही एकत्र थांबल्यामुळे त्या एकच आहेत असा आपला समज झाला. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात मात्र त्या वेगळ्या करून पाहता येतात, कारण इथल्या माणसांची सर्वांत मोठी ये-जा विजेवर चालणाऱ्या लोकलने होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा क्रम नीट लावला, तर या पट्ट्याच्या हवेबद्दलचा खरा धडा सगळे बंद होते त्या काळात सापडत नाही. सगळे हळूहळू उघडत होते आणि लोकल तेवढी बंद होती, त्या काळात तो सापडतो.

आधी पहिल्या काळाचा पुरावा पाहू. आयआयटी दिल्लीतल्या श्री हर्ष कोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या २२ शहरांमधल्या १६ मार्च ते १४ एप्रिल २०२० या काळाच्या नोंदी आधीच्या तीन वर्षांतल्या त्याच काळाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. फुप्फुसात खोलवर जाणारे पीएम २.५ हे सूक्ष्म कण ४३ टक्क्यांनी, पीएम १० हे जाडसर कण ३१ टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड १० टक्क्यांनी आणि वाहनांच्या धुरातून मुख्यतः येणारा नायट्रोजन डायऑक्साइड १८ टक्क्यांनी घटला. सल्फर डायऑक्साइड जवळपास होता तेवढाच राहिला आणि ओझोन १७ टक्क्यांनी वाढला. शेवटच्या दोन नोंदी टाळेबंदीच्या कौतुकात नेहमी गळून जातात. माझ्या मते महत्त्वाच्या त्याच आहेत. ज्या देशात रस्ते अक्षरशः ओस पडले होते, तिथे एक प्रदूषक हलला नाही आणि एक वाढला, याचा अर्थ हवा हा एकच नळ नव्हे. सल्फर डायऑक्साइड कोळशातून आणि जड तेलातून येतो. टाळेबंदीत विजेची मागणी कमी झाली तरी औष्णिक वीज केंद्रे चालूच होती. माणसे घरी बसली होती, बॉयलर बसले नव्हते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दुबळा नाही. कोकणपट्टीत मार्चनंतर हवा तशीही दर वर्षी सुधारते. ऊन तापले की जमिनीलगतची हवा वर उठते आणि धूर उंच थरात मिसळून विरळ होतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा तो आत ढकलतो. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट घडते. पहाटे थंड हवा जमिनीला चिकटून राहते, वारा मंदावतो आणि उल्हास नदीच्या खाडीवर धुरके साचते. जानेवारीची हवा एप्रिलच्या हवेशेजारी ठेवून मधल्या फरकाचे श्रेय टाळेबंदीला देणे म्हणजे ऋतूची कमाई सरकारच्या नावावर लिहिणे होय. आधीच्या एप्रिलशी तुलना केली तरी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण वारा, पाऊस आणि तापमान दर वर्षी सारखे नसते. नासाच्या उपग्रहांनी त्या काळात उत्तर भारतावरच्या हवेतले कण वीस वर्षांतल्या नीचांकाला गेल्याचे दाखवले. पण त्याच नोंदींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत दक्षिण भारतात तशी घट दिसली नव्हती, उलट पातळी आधीच्या चार वर्षांपेक्षा किंचित वरच होती. बर्मिंगहॅम विद्यापीठातले झोंगबो शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीसह जगातल्या ११ शहरांच्या नोंदींमधून हवामानाचा परिणाम गणिताने वजा केला. तेव्हा टाळेबंदीमुळे झालेली घट खरी, पण नुसत्या आकड्यांवरून वाटत होती त्यापेक्षा कमी, असे निघाले. त्यांचा लेख २०२१ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. घट झालीच नाही असे म्हणणाऱ्यांनाही तो आधार देत नाही, आणि सगळी घट आपल्या संयमामुळे झाली असे म्हणणाऱ्यांनाही देत नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या बाबतीत हवामानाच्या या आक्षेपाला आणखी एक बाजू आहे. समुद्राकडून येणारा वारा मुंबईला धुऊन काढतो आणि ते धुण्याचे पाणी आतल्या शहरांच्या अंगणात सोडतो. मुंबईवरून, ठाण्याच्या खाडीवरून, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यावरून वाहत आलेली हवा पारसिकचा डोंगर ओलांडून उल्हास खोऱ्यात उतरते. पुढे मलंगगड आणि माथेरानची डोंगररांग आहे. त्यामुळे डोंबिवलीत जे मोजले जाते ते सगळे डोंबिवलीने निर्माण केलेले नसते, आणि मुंबईत जे मोजले जात नाही ते नाहीसे झालेले नसते. इथल्या माणसाने आपल्या शहराची हवा चांगली की वाईट हे एकट्या आपल्या शहराच्या हिशेबावरून ठरवू नये.

ओझोनच्या वाढीकडे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण तिचा उपयोग करून दुसरा आक्षेप घेतला जातो: गाड्या कमी करूनही काही उपयोग नाही, एक घटले की दुसरे वाढते. जमिनीलगतचा ओझोन कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि रंग, द्रावके, पेट्रोल यांतून उडणारी सेंद्रिय वाफ यांच्यावर कडक ऊन पडले की तो तयार होतो. गर्दीच्या रस्त्यावर मात्र इंजिनातून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड आसपासचा ओझोन लगेच खाऊन टाकतो आणि स्वतः नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. म्हणून घोडबंदर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्याकाठी ओझोन अनेकदा कमी आणि रस्त्यापासून दूर, वाऱ्याच्या दिशेने असलेल्या वस्तीत जास्त भरतो. टाळेबंदीत वाहने थांबल्याने ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झाला, हवेतले कण कमी झाल्याने ऊन अधिक थेट पोहोचले, आणि द्रावकांची वाफ तेवढ्या प्रमाणात घटली नाही. ओझोन वाढला तो यामुळे. यातून गाड्यांचा धूर निर्दोष ठरत नाही. यातून एवढेच कळते की गाड्यांबरोबर द्रावकांवरही बोट ठेवावे लागेल. आणि द्रावके म्हटली की या पट्ट्यात डोंबिवलीची एमआयडीसी आलीच.

एमआयडीसीबद्दल डोंबिवलीकरांना कुणी सांगायची गरज नाही. मिलापनगरसारख्या निवासी विभागात रात्री खिडक्या लावून घ्यायला लावणारा उग्र दर्प, जानेवारी २०१४ मध्ये पडलेला हिरवट पाऊस, फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या जेमतेम दीड महिना आधी, गुलाबी झालेला रस्ता, हा सगळा इतिहास इथे तोंडपाठ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा ७० च्या वर गेलेले क्षेत्र अतिप्रदूषित मानले गेले. डोंबिवलीला ७८.४१ गुण होते. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. पुढे २०२२ मध्ये १५६ रासायनिक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचे ठरले, आणि ते हलण्याआधी २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. अशा ठिकाणची हवा टाळेबंदीने सुधारली की नाही, या प्रश्नातच एक गफलत आहे. हवा मोजणारी यंत्रे कण, नायट्रोजनची ऑक्साइडे, सल्फर डायऑक्साइड, ओझोन असे ठरावीक घटक मोजतात. रात्री दोन वाजता सोडलेल्या वाफेचा दर्प हवा गुणवत्ता निर्देशांकात उमटेलच असे नाही. निर्देशांक 'समाधानकारक' दाखवत असताना नाकाला रुमाल लावावा लागतो, याचा अर्थ नाक खोटे बोलते असा घेऊ नये.

यंत्रांनी पकडलेल्या घटीतही सगळे काही घटले नव्हते. कल्याणची आधारवाडीची कचराभूमी आणि ठाण्याची दिव्यातली कचराभूमी उन्हाळ्यात पेट घेण्यासाठी कुप्रसिद्ध होत्या. कचऱ्याच्या ढिगात साठलेला मिथेन आणि वर तापलेला प्लास्टिकचा थर यांना माणसांची ये-जा लागत नाही. घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना स्थगिती दिली होती, इतके हे प्रकरण गंभीर होते. आधारवाडी मे २०२१ मध्ये बंद झाली, दिव्यातला कचरा २०२३ मध्ये थांबला. या दोन निर्णयांसाठी एकाही माणसाला घरात डांबावे लागले नाही. लोकांचे राहणीमान जराही न घटवता जळणे थांबवता येते, याचे हे आपल्याच शहरातले उदाहरण आहे. दुर्दैवाने त्याची चर्चा टाळेबंदीच्या निळ्या आकाशाच्या एक दशांशही झाली नाही.

टाळेबंदीतल्या स्वच्छ हवेचे बिल कुणी भरले, हेही विसरता येणार नाही. भिवंडीचे यंत्रमाग थांबले, कल्याणच्या ग्रामीण भागातल्या वीटभट्ट्यांवरची कुटुंबे अडकली, मेट्रोच्या आणि टोलेजंग इमारतींच्या कामांवरचे मजूर नाशिक महामार्गाने पायी निघाले. मेच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली, तोवर हजारो माणसे कसाऱ्याचा घाट चढून गेली होती. ज्या हवेसाठी एका वर्गाची रोजी बुडाली, ती हवा आदर्श म्हणून पुढे ठेवणे मला मान्य नाही. आणि इतकी किंमत मोजूनही अनेक मोठ्या शहरांची हवा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत आली नव्हती. पीएम २.५ साठी आपली चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. संघटनेची तेव्हा २५ होती आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती १५ वर आली. म्हणजे सर्वस्व बंद करूनही जिथे पोहोचता आले नाही, तिथे नुसते आणखी काही बंद करून पोहोचता येणार नाही. मार्ग दुसरीकडे शोधला पाहिजे.

आता दुसऱ्या काळाकडे येऊ. ८ जून २०२० पासून खासगी कार्यालये दहा टक्के उपस्थितीने उघडली, सप्टेंबरपासून तीस टक्के. लोकल मात्र २३ मार्चपासून बंद होती. १५ जूनला ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये महिलांना मुभा मिळाली, सर्वसामान्य प्रवाशाला १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तेही ठरावीक वेळांत. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये दार पुन्हा बंद झाले आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ ला उघडले. म्हणजे दहा महिने कल्याण-डोंबिवलीचा साधा चाकरमानी लोकलबाहेर होता, पण त्याची नोकरी मुंबईतच होती. डोंबिवली पूर्वेला इंदिरा चौकात एसटीसाठी लागलेल्या रांगा त्या काळाची खूण आहेत. ज्यांना रांगेत दोन तास घालवणे परवडत नव्हते, त्यांनी दुचाकी काढली, चौघांनी मिळून गाडी ठरवली. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर साधारण ५४ किलोमीटर. जलद लोकलला तासाभराचे, रस्त्याने त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळेचे.

हा प्रवास रस्त्यावर आला म्हणजे काय झाले, ते शिळफाट्यावर उभे राहून पाहावे. कल्याणकडून येणारी चाकरमान्यांची वाहने, जेएनपीटीकडून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर आणि महापे-तळोज्याकडून येणारी मालवाहू वाहने इथे एकमेकांत घुसतात. त्यात कल्याणचा पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पाडलेला होता आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये उघडला. डोंबिवलीचा कोपर पूलही सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षे बंद होता. अशा कोंडीत डिझेलचे इंजिन चालू, चाके मात्र थांबलेली असतात. पुढची गाडी हातभर सरकली की क्लच सोडायचा, पुन्हा ब्रेक दाबायचा. प्रत्येक सरकण्याबरोबर काजळीचा एक फुत्कार निघतो, ब्रेकचे घासलेले कण निघतात आणि दुभाजकाशी साचलेली माती चाकाखालून उठते. मागे दुचाकीवर बसलेल्या माणसाचे नाक नेमके त्या फुत्काराच्या उंचीवर असते. बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक माणसे नेते. तेवढ्या माणसांना दोघे-दोघे करून दुचाक्यांवर बसवले, तर दोन हजार इंजिने लागतात, आणि ती एका गाडीपुरती झाली. कल्याण-कसारा आणि कल्याण-कर्जत मार्गांवर दिवसभरात अशा किती गाड्या धावतात, ते प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे.

याला आकड्याचा आधार आहे का? ग्रीनपीस इंडियाने उपग्रहाच्या नोंदींवरून एप्रिल २०२० आणि एप्रिल २०२१ ची तुलना केली. मुंबईवरचा नायट्रोजन डायऑक्साइड ५२ टक्क्यांनी वाढलेला होता. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की एप्रिल २०२१ हा काही मोकळा महिना नव्हता. राज्य सरकारचे 'ब्रेक द चेन' निर्बंध होते, दुकाने बंद होती, मध्यानंतर लोकल पुन्हा सामान्यांना बंद झाली होती. माणसे बऱ्याच अंशी घरातच होती, पण कारखाने, मालवाहतूक आणि मजूर जागेवरच राहत असलेली बांधकामे चालू होती. या वाढीतला एक हिस्सा हवामानाचाही असू शकतो, मघाशी मान्य केलेला आक्षेप इथेही लागू होतो. पण ऋतू तोच, महिना तोच, लोकांवरचे निर्बंध कडक आणि तरीही जळण्यातून येणारा वायू दीडपट! माणसांचे थांबणे आणि हवेचे सुधारणे यांचे नाते आपण समजतो तितके सरळ असते, तर हा आकडा असा आला नसता.

माझा मुद्दा मग असा आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यात हवेसाठी सर्वांत मोठी सार्वजनिक गुंतवणूक कोणती, असे विचारले तर उत्तर धुके फवारणाऱ्या यंत्रांत किंवा चौकात उभारलेल्या हवा शुद्ध करणाऱ्या मनोऱ्यांत नाही. ती गुंतवणूक १८५३ आणि १८५४ साली बोरीबंदर-ठाणे आणि ठाणे-कल्याण मार्ग टाकले तेव्हा सुरू झाली आणि १९२५ मध्ये मुंबईत विजेवरची गाडी धावली तेव्हा तिचा खरा फायदा मिळू लागला. ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. हवेच्या कुठल्याही आराखड्यात तिचा उल्लेख प्रदूषण नियंत्रणाचे काम म्हणून मला दिसत नाही. दिसायला हवा.

यावर तिसरा आक्षेप: लोकलची वीज येते कुठून? देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे. डोंबिवलीत न निघालेला धूर चंद्रपुरात निघतो. चंद्रपूरला २००९ च्या त्याच यादीत डोंबिवलीपेक्षाही जास्त, ८३.८८ गुण होते. विदर्भाच्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला उडवून लावता येणार नाही. पण हिशेब पुरा केला पाहिजे. रुळावर लोखंडी चाक फिरवायला डांबरावर रबरी चाक फिरवण्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. चार हजार माणसांत ती वाटली जाते. नव्या गाड्या ब्रेक लावताना काही वीज तारेत परत सोडतात. म्हणजे माणशी, किलोमीटरमागे जळणारे इंधन मुळातच थोडे आहे. शिवाय शिळफाट्यावरच्या दोन हजार इंजिनांना प्रत्येकी गाळण बसवणे अशक्य आहे, एका वीज केंद्राला गंधक काढणारे यंत्र बसवणे शक्य आहे. ते बसवण्यात वर्षानुवर्षे चालढकल होते, हा चंद्रपूरवर होणारा अन्याय आहे. त्याचे उत्तर ते यंत्र बसवणे आणि वीज सूर्यावर-वाऱ्यावर नेणे हे आहे. लोकांना पुन्हा दुचाकीवर बसवणे हे नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. लोकल हवेला स्वच्छ असेल, पण माणसाला ती कशी वागवते? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. अशा गाडीत बसा, म्हणजे शहराची हवा चांगली राहील, असे कुणाला सांगण्याचा अधिकार घरबसल्या लिहिणाऱ्याला नाही. दुचाकी घेणारा तरुण हवेचा शत्रू नसतो, तो जीव वाचवत असतो. म्हणूनच हा प्रश्न प्रवाशांच्या सद्वर्तनाचा नाही, फेऱ्यांचा, मार्गिकांचा, स्थानकाबाहेरच्या पदपथाचा आणि शेवटच्या दोन किलोमीटरच्या बसचा आहे. डोंबिवली स्थानकातून उतरलेल्या माणसाला घरापर्यंत नेणारी महापालिकेची बस वेळेवर मिळाली, तर तो रिक्षाच्या रांगेत आणि पुढे स्वतःच्या दुचाकीच्या हप्त्यात अडकणार नाही. उलट गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात पैसा आणि उत्साह दिसतो तो मुख्यतः नवे पूल, उन्नत रस्ते आणि रुंदीकरणात. माणकोली-मोठागाव पुलाने डोंबिवलीहून ठाणे जवळ आले, ही सोय खरी आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण रस्ता रुंद झाला की त्यावर येणाऱ्या गाड्याही वाढतात, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. मेट्रो पाचची ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गिका रेंगाळते आणि रस्ता मात्र वेळेत होतो. यातून हवा कुठे जाणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

धुळीचा प्रश्न उरतो, आणि इथे माझ्या युक्तिवादाला मर्यादा आहे हे मान्य केले पाहिजे. पीएम १० चा मोठा भाग जळण्यातून येत नाही. तो खोदलेल्या रस्त्यांतून, उघड्या राडारोड्यातून, तयार काँक्रीट बनवणाऱ्या आरएमसी प्लांटमधून आणि झाकण न घातलेल्या डंपरमधून येतो. २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने हवेची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा बांधकामांभोवती पत्रे, हिरवी जाळी आणि पाण्याचा फवारा यांचे नियम सगळ्यांना अचानक आठवले. ते नियम पाळले जायलाच हवेत. तरीही धूळ जमिनीवर पडून राहिली तर कुणाच्या छातीत जात नाही. तिला दिवसभर हवेत ठेवतात ती चाके. चाकांची संख्या हा धुळीच्याही प्रश्नाचा अर्धा भाग आहे.

आणि हद्दींचे काय? २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा त्याच्या पहिल्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर होते, शेजारचे कल्याण-डोंबिवली नव्हते. वारा महापालिकेच्या हद्दीत थांबत नाही, हे सरकारी कागदाला माहीत नसावे. ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि नवी मुंबई यांची हवा एकच आहे, आराखडे सात आहेत. त्यातच नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. म्हणजे ज्या काळात हा सगळा अनुभव घडत होता, त्याच काळात त्याबद्दल सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा नगरसेवक नव्हता.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ अ नुसार आयुक्ताने दर वर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे की या वर्षीचा अहवाल मागवून घ्या. त्यात झाडे किती लावली आणि फवारणीची यंत्रे किती घेतली, याची पाने भरपूर असतील. ती उलटा आणि चार गोष्टी शोधा: शिळफाटा आणि घोडबंदर रस्त्यावर हवा मोजली आहे का, एमआयडीसीतली सेंद्रिय वाफ रात्री मोजली आहे का, महापालिकेच्या बसफेऱ्या गेल्या वर्षीपेक्षा वाढल्या की घटल्या, आणि शहरात उघड्यावर कचरा किती वेळा पेटला. नसतील तर आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर मागा.